मोटारीचे अकरा बल्ब

मामा, अकरांपैकी नऊ बल्ब चांगले आहेत.

हे वाक्य आधी लिहिते. निष्कर्ष आधी आणि कारणमीमांसा नंतर अशी मला प्रयोगशाळेत सवय लागली, आणि त्या सवयीचा तुम्हांला मनस्वी कंटाळा होता. "आंधी गोष्ट सांग, मंग शेवट. कीर्तनकार बी तसंच करते," असे तुम्ही म्हणायचात आणि माझे बोलणे मध्येच तोडून बैलांना पाणी दाखवायला उठायचात. आज तुम्हांला उठता येणार नाही. तुमचा तेरावा परवा झाला. मी शिरपुरात तुमच्याच ओसरीवर बसले आहे, आणि मोटारीच्या दिव्यांवरून आपण जो वाद पाच वर्षे घातला, त्याचा निकाल लागलेला असताना तुम्ही हजर नाही, याचा मला दुःखाइतकाच संताप आला आहे.

ती मोटार तुम्ही कारंज्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याकडून घेतलीत तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. व्यापाऱ्याने ती जुनी झाली म्हणून काढली होती. तुमच्या दृष्टीने ती नुकतीच जन्मली होती. वाशीम स्टेशनावर उतरणाऱ्या जैन यात्रेकरूंना शिरपूरच्या मंदिरापर्यंत आणण्याचे परमिट तुम्ही मिळवलेत. शेत होते, बैल होते, तरी तुमची ओळख मोटारवाले पाटील अशीच झाली. त्यात माझा तोटा नव्हता. वडील गेल्यावर आई मला घेऊन तुमच्या घरी आली, आणि पुढे मला नागपूरला सायन्सला घालावे की नाही यावर सगळा गाव मत देत होता, तेव्हा त्याच गाडीत माझी ट्रंक ठेवून तुम्ही म्हणालात, "बस. गाडी चालू हाय तवर निघू."

मग महायुद्ध आले, दुकानांतून सुटे भाग नाहीसे झाले, आणि तुमची पोस्टकार्डे सुरू झाली.

पहिले कार्ड माझ्याजवळ आहे. त्यावर एवढेच: "बल्ब गेले. दोन धाडजो." कोणते बल्ब, किती व्होल्टचे, कोणत्या टोपीचे, काही नाही. मी उलटटपाली पाच प्रश्न क्रमवार लिहून पाठवले. त्यांतल्या एकाचेच उत्तर आले: "खाली दोन टिकल्या हायत." पंधरा दिवसांनी दुसरे कार्ड: "एकच टिकली हाय." मी हॉस्टेलच्या खोलीत ती दोन कार्डे शेजारी ठेवून अर्धा तास बसले. दोन टिकल्यांचा बल्ब पुढच्या दिव्यातला आणि एका टिकलीचा मागच्या, हे तुम्ही सांगितले नाहीत, कारण तुमच्या मते ते गाडी पाहणाऱ्याला दिसतेच. गाडी दीडशे मैलांवर आहे आणि मी नागपुरात आहे, ही बाब तुम्ही गौण मानलीत.

जाडी कळवा म्हटले, तर तुम्ही बल्बच्या बुडाला काजळ फासून कार्डावर ठसा उमटवलात. कल्पना उत्तम होती, हे मी आज कबूल करते. त्या ठशावर पोस्टाने आपला शिक्का मारला.

ते कार्ड घेऊन मी सीताबर्डीवरची दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने ठसा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि विचारले, "हे काय हाय बाई, अंगठा कोनाचा हाय?" दुसऱ्याने गाडी किती सालची म्हणून विचारले आणि ऐकून हसला. "इतकी जुनी? ते गाडी अजून जित्ती हाय?" तिसऱ्याने माझ्याशी बोलण्याचेच नाकारले. "घरच्या मानसाले धाडा. बायांचं काम नाई हे." मी म्हटले, घरच्या माणसानेच मला धाडले आहे. त्याला ते पटले नाही. त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आधी विकले. काय, तर एक भोंगा.

चौथ्याकडे लष्करी मालातले बल्ब होते, बारा व्होल्टचे. तुमची गाडी सहाची.

"लागते नं बाई, टोपी तं तेच हाय," तो म्हणाला.

"लागेल. पण सहा व्होल्टवर तो विडीएवढा पेटेल."

"पेटन तं खरा!"

या वाक्यावर कोणतेही शास्त्र निरुपयोगी ठरते. मी बाहेर पडले. शेवटी एका पारशी गृहस्थांच्या गॅरेजमध्ये, मोडीत काढलेल्या एका गाडीच्या दिव्यांतून, मला दोन बल्ब मिळाले. ते मी चिवड्याच्या डब्यात, चिवडा काढून, कापसात गुंडाळून दिवाळीला शिरपूरला आणले. तुम्ही ते बसवलेत. दिवे लागले. तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत, जणू ते मी विणून आणले होते. त्या एका नजरेवर मी पुढची तीन वर्षे दुकाने हिंडले, मामा. हा मूर्खपणा पूर्णतः माझा आहे, तो तुमच्या नावावर टाकत नाही.

कारण दुसऱ्या वर्षी पुन्हा कार्ड आले. तिसऱ्या वर्षी पुन्हा. दरवेळी "बल्ब गेले", आणि दरवेळी दोन्ही. मी लिहिले की दोन बल्ब एका दिवशी जात नसतात. जात असतील तर दाब वाढलेला आहे. दाब वाढला असेल तर डायनॅमो जादा वीज देतो आहे. तीन पानांचे पत्र लिहून, आकृती काढून, मी तुम्हांला वीज कमी निघावी म्हणून डायनॅमोचा तिसरा ब्रश मागे सरकवायला सांगितले. तुम्ही माझे एरवी काही ऐकत नव्हता, ते नेमके ऐकलेत. आठ दिवसांत बॅटरी उतरली. वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि यात्रेकरूंना घेऊन शिरपुरात आली ती तुमच्या बैलजोडीच्या मागे, दोरीने बांधून. गाव वेशीवर जमला होता. "पाटील, हे मोटार हाय का सासऱ्यानं देल्लेली दमनी?" असे कुणी ओरडले, ते मला मामीने पुढे हसत हसत सांगितले. तुम्ही काय उत्तर दिलेत तेही सांगितले: "गप्प बसा. इंदूच्या हिशोबानं आली हाय गाडी."

तुम्ही ते अभिमानाने म्हणालात. मला अजून लाज वाटते.

मी वारंवार म्हणत होते, जुने बल्ब मला दाखवा. गेलेला बल्ब पाहिल्यावर तो कशाने गेला हे पुष्कळदा कळते: तार तुटलेली दिसते, काच काळवंडलेली दिसते. दिवाळीला घरी आल्यावर मी मागितले की तुमचे ठरलेले उत्तर: "गेला तो गेला. त्याचं तोंड काय पाहतं?" मग फेकून तरी द्या, म्हटले, तर तुम्ही खरोखर दुखावलात. "ज्यानं उजेड देल्ला त्याले उकिरड्यावर नाई टाकत, पोरी." दाखवायचे नाहीत, टाकायचे नाहीत. अशा माणसाशी वाद कोणत्या पायावर घालावा? मी एकदा चिडून म्हटले की तुमच्या यात्रेकरूंना सूर्य मावळायच्या आत जेवायचे असते, त्यांना पोचवताना तुम्ही दिवा कधी लावतच नाही, मग हवे कशाला बल्ब? तुम्ही शांतपणे पान लावत म्हणालात, "त्याईचं जेवन सूर्य बुडाच्या आंधी. माहं वापस येनं नाई."

यंदाचे कार्ड भाद्रपद लागता लागता आले. पर्युषण तोंडावर होते, यात्रेकरू येणार होते, शिवाय परमिटाच्या तपासणीची तारीख जवळ आली होती, आणि "बल्ब गेले. दोन धाडजो." त्या आठवड्यात माझे मन दुसरीकडे होते. मी उत्तर रागाने लिहिले. ते पत्र मला पाठ आहे, म्हणून त्यातले सर्वांत वाईट वाक्य इथे उतरवते: "पदार्थविज्ञान मी बल्ब शोधत हिंडण्यासाठी शिकलेले नाही. जुने बल्ब पुराव्यादाखल पाठवा, नाहीतर गाडी विका."

त्यानंतर तुमचे कार्ड आले नाही. तार आली. ताप तीन दिवस होता, म्हणे. मी पोचले तेव्हा सगळे उरकले होते.

तेराव्यानंतर गावाने ठरवून टाकले की गाडी विकायची. मालेगावचा दुसरा एक मोटारवाला परमिटावर डोळा ठेवून होताच. तपासणीला गाडी नापास झाली की ते त्याच्याकडे जाणार. दिवे लागत नाहीत हे त्याला ठाऊक होते. तुमचे चुलतभाऊ ओसरीवर बसून मामीला समजावत होते, बाईमाणसाने मोटारीचा धंदा कसा करावा, लोक काय म्हणतील, अजून सव्वा महिना व्हायचा आहे. मामी दाराआड बसून ऐकत होती. ते गेल्यावर ती बाहेर आली, आणि जी बाई तुमच्यासमोर मान वर करून बोलल्याचे मला आठवत नाही, ती मला म्हणाली:

"इंदू, गाडी उभी राह्यली तं मी बी बसून जाईन. मंग मले कोनी उठवनार नाई. तपासनी सोमवारी हाय. तुले काय करता येते थे कर."

दिवस गुरुवार. सोमवारपर्यंत सहा व्होल्टचे दोन बल्ब. वाशीमला मिळण्याची शक्यता शून्य, नागपूरला जाऊन परत येण्यात रविवार उजाडणार, आणि ते पारशी गृहस्थ गॅरेज बंद करून मुंबईला गेलेले. मी हे मोठ्याने मोजत होते, तेव्हा मामी आत गेली आणि शिवलेले एक खोके घेऊन आली. वरून मांजरपाट, टाके तुमच्या हातचे, कारण वाकडे. शाईने माझा नागपूरचा पत्ता. "तुले धाडाचं होतं. पोस्टात जाईन म्हनत व्हते, अन अंगात ताप भरला."

आत वेचणीचा कापूस होता, आणि कापसात अकरा बल्ब. तुम्ही पुरावा पाठवत होता, मामा. पाच वर्षे मी सभ्यपणे मागितला तेव्हा दिला नाहीत, आणि उर्मटपणे मागितला तेव्हा टाके घालून बसलात. माणसाने इतके विसंगत असू नये.

एकाही काचेवर काजळी नव्हती. मी पहिला बल्ब उन्हाकडे धरला. तार अखंड. दुसरा. तार अखंड. मी दोन्ही कापसात परत ठेवले आणि रशीदभाईंना हाक मारली. रशीदभाई तुमची गाडी पहिल्यापासून चालवतात, इंजिन त्यांचे. दिव्यांना मात्र तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत. आम्ही गाडीची बॅटरी अंगणात काढली, दोन तारा जोडल्या. मी एक तार बल्बच्या बुडाला आणि दुसरी त्याच्या बुडाभोवतीच्या पितळी टोपीला टेकवली. काही झाले नाही. मग टोपीकडे पाहिले. तिच्याभोवती चंदेरी रंगाचे कडे होते. नखाने खरवडले, तिथे तार टेकवली, आणि सकाळच्या उन्हात तो बल्ब लागला.

"हा कोणता रंग?" मी विचारले.

"पोळ्याचा नं बाई," रशीदभाई म्हणाले, जणू हे मला ठाऊक असायला हवे होते.

आणि ते खरेच ठाऊक असायला हवे होते. गाडी आली त्या वर्षीचा पोळा मी पाहिला आहे. आदल्या दिवशी तुम्ही बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावलीत, मग मोटारीजवळ जाऊन तिच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना लावलीत आणि बैलांना म्हणतात तेच तिला म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही पोरी पदरात तोंड घालून हसलो. पुढची वर्षे पोळ्याला मी कधी आले नाही. पुढचे रशीदभाईंनी सांगितले. बैलांची शिंगे रंगतात म्हणून तुम्ही दिवे रंगवू लागलात. चांदीच्या रंगाचा डबा आणून, बल्ब काढून, दिव्याचे भांडे आतून-बाहेरून, होल्डरसुद्धा. रंग ओला असतानाच बल्ब पुन्हा बसवायचे, कारण तोरणाखाली गाडी वेळेवर उभी राहायला हवी. "म्या म्हनलं, मालक, आत कायले?" रशीदभाई म्हणाले. "तं म्हने, चांदी हाय रशीद, बिजली अजून जोरात धावन."

आता तुम्हांला हवी होती तशी क्रमवार गोष्ट सांगते. तुमच्या गाडीत वीज एका तारेने बल्बच्या बुडाशी येते. परत जाते ती बल्बच्या पितळी टोपीतून होल्डरमध्ये आणि तिथून गाडीच्या लोखंडी अंगातून. परतीची वेगळी तार नाही. टोपी आणि होल्डर यांच्यामध्ये तुम्ही रंग भरलात. डब्यावर चांदी लिहिलेले असले, तरी तो जवसाच्या तेलात कालवलेला ॲल्युमिनियमचा भुगा; तेल वाळले की प्रत्येक कणाभोवती त्याची कातडी बसते. दिसायला धातू, विजेला भिंत. बल्ब लागत नाही. तुम्ही म्हणता, गेला. मी दिवाळीला नवे आणते. जुने बल्ब रंगाने चिकटलेले, ते तुम्ही उपटून काढता, नवे आत जात नाहीत म्हणून होल्डर सुरीने खरवडता, भिंत पडते, नवे बल्ब लागतात. म्हणजे जुने गेले होते हे सिद्ध. पुढच्या पोळ्यापर्यंत.

"म्हंजे रंगानं खाल्ले बल्ब?" रशीदभाईंनी विचारले.

"खाल्ले नाहीत. अडवले."

"या अल्ला! चांगल्या बत्त्या काढून आपुन कापसात पुरून राह्यलो!" ते मटकन ओट्यावर बसले आणि हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी हसले नाही. मी आत जाऊन ट्रंकेतली तुमची कार्डे काढली. पाच वर्षांची पाच मुख्य कार्डे, पाचांवर श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यातल्या तारखा. मी ज्यांची प्रात्यक्षिके घेते त्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाने असे पाच आकडे पाहून पोळ्याचे नाव घेतले नसते, तर मी त्याला बाकावर उभे केले असते. मी डायनॅमोला दोष दिला, दुकानदारांना दिला, युद्धाला दिला, तुमच्या अडाणीपणाला दिला. पाहिले मात्र नाही. तुमची चूक भाबडी होती. माझी चूक शिकलेल्या माणसाची होती, म्हणून मोठी.

अकरांपैकी दोन खरोखर गेलेले निघाले. तेवढे श्रेय तुमचे.

कापूस उलटताना तळाशी तुमची चिठ्ठी सापडली. ती मी इथे जशीच्या तशी लिहिते, कारण ती माझ्याजवळ राहील की हरवेल याचा मला माझाच भरवसा नाही.

"इंदू, तुनं मांगतले म्हनून धाडतो. सगळे मेलेले हायत. तपासून पाह्य. तुयं खरं निघालं तं मी ऐकीन. नाई निघालं तं नवे दोन आनजो. तू पोळ्याले येशीन म्हनून मामीनं पुरनपोळी ठेवली व्हती, थे इटून गेली."

मी ऐकीन! पाच वर्षांत हे शब्द तुमच्याकडून एकदा आले असते, तर मी सीताबर्डीच्या धुळीतून दहा वेळा हिंडले असते आणि तक्रार केली नसती. आता ऐकायचे वचन देऊन तुम्ही निघून गेलात. हा कोणता न्याय, मामा?

तरी वचन वचनच. म्हणून आणखी एक गोष्ट ऐका. त्या रागाच्या पत्रात मी तुम्हांला एक बातमी कळवणार होते. बंगलोरच्या प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळाली आहे. आमच्या तुकडीतून एकटीला. कागद लिहायला घेतला तो याचसाठी. पण मध्ये तुमचे कार्ड दिसले, बल्बांवरच तीन पाने गेली, आणि मी मनात म्हटले, यांना शिक्षा म्हणून ही बातमी पुढच्या पत्री. पुढचे पत्र मी लिहिलेच नाही. तुम्ही ती बातमी गावभर कशी सांगितली असती, तिच्यात किती चुका केल्या असत्या, बंगलोरला बंगाल म्हटले असते, हे सगळे मला ऐकू येते. मी दुरुस्ती केली असती. तुम्ही म्हणाला असता, "तेच थे." ते मी हातांनी घालवले, आणि ते कोणत्याही रंगाखाली शाबूत सापडणार नाही.

होल्डर मी स्वतः खरवडले. राखेने, मग कोरड्या फडक्याने, मग पुन्हा. रशीदभाई शेजारी उभे राहून म्हणत होते, "बस बाई, आता पितळ झिजन."

इथून पुढचे नागपूरच्या वाटेवर, आगगाडीत लिहिते आहे. सोमवारी आम्ही वाशीमला गेलो. मामी मागे बसली होती, डोक्यावरून पदर, आणि वाटेत कोण पाहते याकडे तिने पाहिले नाही. तपासणीच्या साहेबांनी ब्रेक पाहिले, भोंगा वाजवला, मग दिवे लावायला सांगितले. दिवे लागले. साहेबांनी विचारले, गाडीचा धनी कोण? मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तर मागून मामी म्हणाली, "मी हावो. ल्ह्या." त्यांनी तिचे नाव लिहिले.

तिथून स्टेशनावर. मला नागपूरची वाट धरायची होती, आणि त्याच आगगाडीतून पाच यात्रेकरू उतरणार होते, रशीदभाईंनी सवारी ठरवून ठेवली होती. माझी ट्रंक खाली उतरली. दुपारचे लख्ख ऊन पडले होते, आणि मोटारीचे दोन्ही दिवे तपासणीपासून तसेच जळत होते. रशीदभाईंनी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," मामी म्हणाली.

भर दुपारी लावलेल्या दिव्याचा उपयोग शून्य, मामा. बॅटरीवर भार पडतो, तार झिजते, आणि असे बल्ब आता हिंदुस्थानात मिळत नाहीत. हे सर्व मला एका वाक्यात सांगता आले असते.

मी ट्रंक उचलली आणि फलाटाकडे वळले.